सहाव्या विहिरीचा आकडा

तात्या, हे पत्र मी बारीक अक्षरात लिहितोय. तुम्हाला लिहायचं म्हणजे एका कार्डावर चार ओळी मावतील एवढं ठळक लिहावं लागे, आणि तुम्ही ते कालव्याच्या पाटाच्या कडेला बसून, ओठ हलवत, दोनदा वाचायचात. आता तो त्रास तुम्हालाही नाही आणि मलाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या वयाला मागे टाकून मी बराच पुढे आलोय. गुडघे गेले, डावा कान गेला. स्वभाव तुमच्यावर गेला असता तर बरं झालं असतं, पण तो आईवर गेला: पटकन चिडतो आणि मग दिवसभर कुढत बसतो. घरात पाहुणे आले की नातवंडं सांगतात, आमचे आजोबा डॉक्टर आहेत, पण औषधाचे नाहीत. पाहुणे हसतात. मीही हसतो, कारण न हसून सांगतो कुणाला?

एम.ए. होऊन मी गावी आलो आणि सांगितलं की अजून शिकायचंय, गणितात संशोधन करून डॉक्टर व्हायचंय, तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. ‘‘आनिक शिकायचं? आरं, मास्तर तर झालास की! आता काय गव्हर्नर करत्यात का तुला?’’ तुम्ही ताटावर बसला होता. तुम्ही हसला नाहीत, घास गिळून सरळ विचारलंत, ‘‘संशोदन म्हंजी काय हुडकायचं असतंय?’’ मी म्हणालो, आजवर कुणाला सापडलं नाही असं काहीतरी. ‘‘आन न्हाय गावलं तर?’’ मी म्हणालो, मग परत हुडकायचं. तुम्ही मान डोलावलीत. ‘‘म्हंजी इहीर खांदल्यावानीच,’’ म्हणालात आणि कालवणात भाकरी कुस्करायला लागलात. माझ्या मार्गदर्शकांनाही त्या पदवीचा अर्थ इतका थोडक्यात सांगता आला नव्हता. आपल्या इलाख्यात गणितातले असे डॉक्टर तेव्हा बोटांवर मोजावेत एवढे. आमचे मार्गदर्शक विलायतेहून ती पदवी घेऊन आले होते आणि आपल्या हाताखाली पहिला डॉक्टर कधी तयार होतोय याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त घाई होती.

विषय मात्र त्यांना मीच सुचवला, तुमच्यामुळे. तुम्ही पाटकरी. पाटाची दारं उघडायची, ज्याची पाळी त्याला पाणी सोडायचं, पुन्हा बंद करायची, एवढं तुमचं काम. पण जेवताना तुम्ही एकच गोष्ट घोकायचात: पाटातलं पाणी दारातून जातं तेवढंच नाही जात, ते खालूनही जातंय, आणि ते कुणी मोजत नाही. मार्गदर्शकांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. लोखंडाची सळई एका टोकाला तापवली तर उष्णता जशी दुसऱ्या टोकाकडे सरकते, तसंच ओल मातीतून सरकत असणार, म्हणाले. समीकरण तेच, फक्त त्यातले अर्थ बदलायचे. पहिली दोन प्रकरणं शुद्ध गणिताची, आणि शेवटचं प्रकरण खऱ्या विहिरींवर पडताळून पाहायचं. आणि खऱ्या विहिरी मोजणार कोण? तुम्ही. पुण्यात बसून मी हे ठरवूनही टाकलं, तुम्हाला न विचारता.

तुम्ही अंबाडीचा दोर वळलात, हाताहाताला गाठ मारलीत, पाचव्या गाठीला आईच्या जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी बांधलीत. टोकाला धोंडा. पाटापासून नदीकडे उतरत जाणाऱ्या सहा विहिरी आपण दोघांनी मिळून ठरवल्या. सहावी बागवान चाचांची, सगळ्यांत खालची. चाचा म्हणजे आपल्या पलीकडच्या आळीतले, फळांची गाडी भरून बारामतीच्या बाजाराला जाणारे. मी शाळेत होतो तेव्हा येताजाता माझ्या खिशात पेरू कोंबणारे. त्यांच्या विहिरीवर दोर सोडला, चौदा गाठींवर धोंडा भिजला. मी लिहून घेत होतो आणि तुम्ही काठावर उकिडवे बसून खाली बघत होता. ‘‘हितनं खाली कातळ हाय,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘मुरूम न्हाय. पानी हितं अडतंय, नदीला जात न्हाय.’’ माझ्या समीकरणात पाणी नदीपर्यंत बिनअडथळा जात होतं. तसं धरलं तरच ते सुटत होतं. मी म्हणालो, ‘‘तात्या, एवढ्यातेवढ्यानं गणित बिघडत नाही.’’ तुम्ही ‘‘बरं’’ म्हणालात. तुमच्या ‘बरं’चे किती अर्थ होतात ते आई जाणत होती, मला कधी जाणून घ्यावंसं वाटलं नाही.

मग तुमचा नेम सुरू झाला. पुनवेला आणि अवसेला, पाटावरचं काम आटोपलं की तुम्ही दोर खांद्यावर टाकून सहा विहिरी फिरायचात. आकडे मोडीत वहीत लिहायचात, हात, वीत, बोटं. आणि मला कार्ड. मी इकडे पंचांग उघडून तुमच्या तिथ्यांच्या तारखा करायचो, हातांचे फूट करायचो, आणि मार्गदर्शक म्हणायचे, तुमचे वडील चंद्रावरून पाणी मोजतात की काय! दहा महिने असं चाललं. वरच्या पाच विहिरी माझ्या गणिताबरोबर शहाण्यासारख्या चालत होत्या. सहावी मात्र थोडी पुढे पळत होती, पाणी माझ्या आकड्यापेक्षा वर, वितीनं, कधी दोन वितींनी. मी वैतागलो. मला वाटलं, दोर कुठे दगडाला अडतोय, नाहीतर म्हातारा गाठी मोजायला चुकतोय. असंच वाटलं, तात्या. आता तुमच्यापासून काय लपवू!

तेव्हा मी तुम्हाला तो तक्ता पाठवला. पुढच्या दीड वर्षातली प्रत्येक पुनव, प्रत्येक अवस, आणि समोर सहा विहिरींचे आकडे, गणितानं येणारे. तांबड्या शाईत, तुमच्यासाठी ठळक. सोबत लिहिलं, की मोजताना काही गफलत झाली तर या आकड्यांवरून लगेच ध्यानात येईल. सहाव्या विहिरीचं पाणी हळूहळू चढत नऊ हातांवर येतं आणि तिथे थांबतं, असं तक्ता सांगत होता. हा एक कागद पाठवून मी काय केलं ते मला कळलं नाही, कारण त्या वर्षी दसऱ्याला मी घरी नव्हतो. आईनं पुढे सांगितलं. खंडेनवमीला तुम्ही विळा, कुऱ्हाड, फावडं मांडलंत, त्यांच्याशेजारी दोर मांडलात, आणि सगळ्यांच्या वर, लाकडी पाटावर, माझा तक्ता. त्याला हळदकुंकू वाहिलंत, झेंडूचं फूल ठेवलंत. मग तो घडी घालून देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकामागे ठेवून दिलात. देव्हाऱ्यातला कागद चुकलाय असं म्हणायची आपल्या घरात कुणाची छाती होती?

त्या अवसेपासून सहावी विहीर शहाणी झाली. तुमची कार्डं येत होती आणि आकडे माझ्या रेषेवर बोटाबोटानं बसत होते. मी आलेख घेऊन मार्गदर्शकांकडे धावलो. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. ‘‘फारच जुळतंय हो,’’ म्हणाले. मी म्हणालो, वडील फार काळजीपूर्वक मोजतात. त्याच कार्डांवर खाली उरलेल्या जागेत तुम्ही आणखी काही लिहीत होता. ‘घरी खुशाल. सारवण वाळत नाही.’ पुढच्या पंधरवड्याला, ‘खुशाल. चुलीला ओल धरते, आई कावते.’ मग, ‘खुशाल. थोरल्या लिंबाचा पाला पिवळा पडून गळतो.’ मी वरचे आकडे उतरवून घेतले आणि खालच्या ओळी वाचून कार्डं खणात टाकली. गावाकडे काही ना काही चालायचंच, असं म्हणून.

आणि मग ते कार्ड, ज्यात चाचांचा प्रश्न होता. चाचांना दुसऱ्यांची फळं वाहून नेण्याचा कंटाळा आला होता. विहिरीभोवतीची पट्टी, तेवढीच त्यांची जमीन, त्यात बाजरी बंद करून मोसंबी लावायची होती. फळ धरायला पाचसहा वर्षं लागणार, तोवर पाणी मुळांना लागलं तर सगळंच हातचं जाणार. ‘चाचा म्हणतो पोराला पूस,’ तुम्ही लिहिलं होतंत. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! माझ्या गणिताला पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. मी परत टपालानं कळवलं, नऊ हातांच्या वर पाणी कधीच येणार नाही, खुशाल लावा. ‘कधीच’ खाली रेघ मारली.

प्रबंध टंकलिखित होऊन आला होता, चिन्हं हातानं भरायची राहिली होती, महिन्याभरात द्यायचा होता. मार्गदर्शक म्हणाले, चार दिवस घरी जाऊन या, डोळ्यांना आराम द्या. वैशाख होता. दौंडहून लहान गाडीनं बारामतीला उतरलो, तिथून इंदापूरच्या मोटारीनं फाट्यापर्यंत आणि पुढे चालत. खालच्या शिवारात काहीतरी पांढरं पसरलेलं लांबूनच दिसत होतं. मला वाटलं कुणी कापूस वाळत घातलाय. जवळ आलो तर जमीनच खारानं पांढरी फुटली होती, पायाखाली कुरकुरत होती, आणि त्या कुरकुरीच्या खाली चिखल. वैशाखात चिखल! भर उन्हात बेडूक ओरडत होते. एक म्हातारी लिंबाचा वाळका फाटा ओढत चालली होती, तिनं मला ओळखलं. ‘‘आलास व्हय रं? बघ की, पानीच पानी झालंय. देवाची किरपा.’’ ती खरंच खूश होती. आपल्या गावानं जन्मभर पाण्याची वाट पाहिली; पाणी चढतंय म्हटल्यावर घाबरायचं असतं हे कुणाला ठाऊक होतं?

घरात शिरलो तर पायाला गार लागलं. आईनं चुलीपुढं पोतं अंथरलं होतं, ते ओलं झालं की दुसरं. भिंतीचा पोपडा हात लावला की सुटत होता, त्यामागे मिठासारखी बुरशी. चूल फुंकून फुंकून आई लाल झाली होती आणि धूर घरभर. ‘‘तुझं ते गनित काय म्हनतंय रं?’’ तिनं डोळे पुसत विचारलं. ‘‘आमच्या चुलीखालची वल कुटवर जानार, त्येचं हाय का काय त्येच्यात?’’ मी हसून म्हणालो, पाळी चालू असेल, ओसरेल. ‘‘पाळी जाऊन तीन आठवडं झालं,’’ ती म्हणाली. तुम्ही पाटावर गेला होता. मी टॉवेल घेतला आणि चाचांच्या विहिरीवर आंघोळीला निघालो.

त्या विहिरीच्या पायऱ्या मी लहानपणी उतरताना मोजायचो. पाण्याला पाय लागेपर्यंत अठ्ठावीस. त्या दिवशी दहावी पायरी उतरलो आणि अकराव्या पायरीवर माझा पाय घोट्यापर्यंत बुडाला. मी तसाच उभा राहिलो. वर येऊन घरी पळालो, दोर आणला, सोडला. चिंधी पाण्याला टेकली. पाच हात. वही उघडली. गेल्याच पुनवेचा आकडा तुमच्या अक्षरात: सव्वानऊ. मागची अवस, साडेनऊ. त्यामागची, पावणेदहा. सगळे आकडे माझे. एकही विहिरीचा नव्हता.

तुम्ही आलात तेव्हा मी काठावर वही उघडी टाकून बसलो होतो. तुम्ही एकदा दोराकडे पाहिलंत, एकदा माझ्याकडे, आणि मुंडासं काढून शेजारी बसलात.

‘‘हे काय लिहिलंय, तात्या?’’

‘‘तूच धाडलंवतंस की.’’

‘‘अहो पण पाणी पाच हातांवर आहे!’’

‘‘व्हय. धा दिसामागं साडेपाच व्हतं.’’ तुम्ही इतक्या शांतपणे म्हणालात की माझा संतापच झाला.

‘‘मग मला का नाही कळवलं?’’

‘‘पयल्यांदा फरक पडला तवा म्या दोर बदलला,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘म्हनलं, ह्यो ताणलाय, गाठी लांब पडल्यात, म्हनून पानी जवळ आल्यागत वाटतंय. नव्या दोराचं बी तसंच आलं. म्हनलं, माझं मोजायचं चुकतंय. बाळा, तू धा वरीस पुन्यात ह्याच्यापायी डोळं फोडलंस. तितं सायबाशिवाय कुनाला येत न्हाय असलं गनित. त्यो आकडा खोटा, आन माझी अंबाडी खरी? असं कसं म्हनू मी?’’

मी तुम्हाला काय बोललो ते इथे लिहायची माझी तयारी नव्हती, पण न लिहून उपयोग काय. मी म्हणालो, ‘‘तुम्ही माझा घात केलात.’’ तुम्ही खाली पाहिलंत आणि दोराच्या गाठी एकेक चाचपत राहिलात. पलीकडे चाचांचे खड्डे खणून झालेले दिसत होते, ओळीनं, दोरी लावून, दोनदोन हात खोल, कोरडे ठणठणीत. पाणी अजून त्यांच्या खाली होतं. माझ्या डोक्यात भराभर हिशेब चालला होता, आणि तो चाचांचा नव्हता. शेवटचं प्रकरण काढलं तर प्रबंधात काय उरतं? नवीन मोजणी म्हणजे आणखी दोन वर्षं. मार्गदर्शक आधीच विद्यापीठाला लिहून बसले होते.

‘‘आधी प्रबंध विद्यापीठात जाऊ दे,’’ मी म्हणालो. ‘‘तोवर कुणापाशी बोलू नका. मग मी स्वतः येऊन चाचांना समजावून सांगतो.’’

‘‘लागवड आषाढात हाय.’’

‘‘त्याच्या आत येतो.’’

तुम्ही विचारलंत, ‘‘आन वहीत काय लिवायचं हितनं म्होरं? तुजं, का इहिरीचं?’’

मी म्हणालो, ‘‘काहीच लिहू नका.’’

तुम्ही ‘‘बरं’’ म्हणालात. वहीतली पुढची पानं कोरी आहेत, तात्या. तुम्ही शब्दाला जागलात, निदान मी तसं समजत होतो. पुण्याला परतून मी आठ दिवस चिन्हं भरत बसलो. शेवटच्या प्रकरणाचा आलेख भरताना रेघ जराशी हलली, तर पान बदलून पुन्हा काढला. प्रबंधाच्या प्रती बांधून आल्या, एक आगबोटीनं विलायतेला परीक्षकांकडे गेली. आषाढ लागला. मी गावी गेलो नाही. ताप होता असं तुम्हाला कळवलं. नव्हता. मला चाचांचं तोंड बघायचं नव्हतं. तुमचं कार्ड आलं, आकड्यांशिवायचं पहिलंच. ‘चाच्यानी रोपं लावली. तुजी वाट बगतो.’ एवढंच. वाट कोण बघत होतं, तुम्ही की चाचा, ते लिहिलं नव्हतं. मी उत्तर दिलं नाही.

भाद्रपदात बारामतीहून तार आली. गावात हिवतापानं थैमान घातलं होतं. खालच्या आळीतलं एकही घर सोडायचं नाही असं जणू त्यानं ठरवलं होतं. साचलेल्या पाण्यावरून डास उठायचे तर संध्याकाळी धूर आल्यासारखे दिसायचे, आई सांगत होती. तुम्ही सहा दिवस थंडीनं उडत होता. मी पोचलो तो सावडायच्या दिवशी. राख अजून कोमट होती आणि तिच्याखालची जमीन ओली. चाचा माझ्याशेजारी उभे होते. ‘‘सोन्यासारखा मानूस,’’ म्हणाले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. येताना आम्ही दोघं त्यांच्या पट्टीवरून आलो. रोपं गुडघाभर झाली होती, हिरवीगार, तरतरीत. विहिरीचं पाणी साडेतीन हातांवर. मी सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, ‘‘रोपं कुठून आणली?’’ चाचा आनंदानं सांगत राहिले आणि मी ऐकत राहिलो. विलायतेचा निकाल यायचा होता.

निकाल आला. परीक्षकांनी शेवटच्या प्रकरणाचंच कौतुक केलं होतं. सिद्धांत आणि निरीक्षणं यांचा असा मेळ क्वचित दिसतो, अशा अर्थाचं काहीतरी. मार्गदर्शकांनी पेढे वाटले. मी डॉक्टर झालो, लांबच्या कॉलेजात नोकरी लागली, आईला घेऊन गेलो. तिसऱ्या वर्षी कुणाच्या तरी पत्रात कळलं की चाचांची झाडं शेंड्याकडून वाळत आली, एका हंगामात सगळी. मग पट्टीवर पांढरं फुटलं. मग खालच्या आळीतल्या भिंती बसायला लागल्या आणि लोक वर माळाला सरकले. आपलं घरही गेलं. आईला मी सांगितलं नाही; तिला कळलंच होतं, तिनं मला सांगितलं नाही. जन्मभर मी मुलांना शिकवलं की सिद्धता म्हणजे काय आणि पडताळा म्हणजे काय. चांगलं शिकवलं. त्याबद्दल मला हारतुरेही मिळाले.

चाचा मला त्यानंतर एकदाच भेटले, बारामतीच्या बाजारात. मी एका लग्नासाठी आलो होतो. ते एका फळांच्या दुकानात पुतण्याच्या हाताखाली पेट्या निवडत बसले होते, दाढी पांढरी, पाठ वाकलेली. मी ओळख दाखवावी की नाही या विचारात होतो तेवढ्यात त्यांनीच हाक मारली, उठून माझे दोन्ही हात धरले, आणि दुकानातल्या सगळ्यांना सांगितलं, ‘‘आमच्या गावचे डाक्टर! इलायतेच्या सायबानं पास केलेत.’’ मला बसायला पेटी दिली, चहा मागवला. मी म्हणालो, ‘‘चाचा, तुमच्या बागेचं...’’

‘‘जाऊ द्या वो. अल्लाची मर्जी,’’ ते म्हणाले. ‘‘तुमचा काय दोस? दोस माझा. तुमच्या वडलांनी सांगितलंवतं मला.’’

‘‘कधी?’’ मी विचारलं.

‘‘लागवडीच्या दिशी सकाळीच आले. दोर घेऊन. माझ्यासमोर इहिरीत सोडला आन म्हनले, चाचा, बघ, चार गाठी. पानी वर येतंय, खाली कातळ हाय, लावू नगंस. आन मला दिसत न्हवतं का? रोज मोट हाकीत व्हतो मी! पर म्हनलं, तात्या, तुमचा दोर ताणला आसंल. पोरगं यवढं शिकलंय, त्यानं रेघ मारून लिवलंय ‘कधीच न्हाय’ म्हनून, ते खोटं आन हे आपल्या डोळ्याचं खरं? म्या ऐकलंच न्हाय. लई विनवलं त्यांनी, पाया पडायला आले माझ्या. मी हसलो त्येंना.’’ चाचांनी कपाळाला हात लावला. ‘‘हसलो, बगा. लई लाज वाटती आता.’’

तात्या, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही म्हणूनच एवढं लिहिता आलं. तुम्ही माझा शब्द मोडलात, बरं केलंत. लागवडीच्या त्या सकाळी गावात गणित येणारे तुम्ही एकटेच होता. हे मला आज लिहिता येतंय. बाजारात, त्या पेटीवर बसून, तुम्ही चाचांच्या पाया पडायला वाकलेले डोळ्यांपुढे दिसत असताना, मला रडू आलं नाही. मी चहाचा कप खाली ठेवला, आवाज बारीक केला, आणि चाचांना विचारलं, ‘‘आणखी कुणाला सांगितलं होतं त्यांनी?’’